छावणीतील रंजन आणि प्रेक्षकाचे स्थान

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासग्रंथांत येते ते १७२४ च्या लढाईमुळे. निजामुल्मुल्काने येथे मुबारिजखानाचा पराभव करून दख्खनवरील आपली सत्ता पक्की केली. १७५७ मध्ये जवळच्याच सिंदखेडला मराठे व निजाम यांच्या फौजा पुन्हा समोरासमोर आल्या. अशा फौजांबरोबर सारा बाजार चालत असे, आणि न लढणाऱ्या त्या लटांबराला मराठीत ‘बुणगे’ हा काहीसा तुच्छतेचा शब्द होता.

तमाशा हा या बुणग्यांतच, शिपायांच्या करमणुकीसाठी जन्मास आला, असे मत वारंवार मांडले जाते. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत तेथील होळीचे आणि नाचाचे वर्णन केले आहे. तेव्हा छावणीत रंजन होते, याविषयी वाद नाही. परंतु एखादी कला छावणीत नांदत होती एवढ्यावरून ती तेथेच उपजली असे सिद्ध होत नाही. शब्दांची साक्ष निराळी आहे. ‘गण’ व ‘गौळण’ यांचा ओढा भक्तिपरंपरेकडे. ‘फड’ तर वारकऱ्यांचा, पहिलवानांचा, उसाचा आणि पेशव्यांच्या दफ्तराचाही. खुद्द ‘तमाशा’ हा शब्द ‘चालणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून निघून फारसीत फेरफटका व पुढे प्रेक्षणीय देखावा या अर्थी रूढ झाला. म्हणजे हे नाव करणाऱ्याच्या बाजूचे नसून पाहणाऱ्याच्या बाजूचे आहे. छावणीने तमाशाला रूप दिले असे म्हणण्यापेक्षा तिने त्याला प्रेक्षक दिला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल: घरापासून दूर, हुकुमाने बांधलेला, आणि नाच्या पोराला स्त्री मानून घेण्यास राजी असलेला.

हा प्रेक्षक किती महत्त्वाचा असतो, याचे उत्तम प्रत्यंतर ‘प्रायव्हेट्स ऑन परेड’ या इंग्रजी नाटकात मिळते. पीटर निकोल्स हे महायुद्धानंतर सिंगापूर येथे ब्रिटिश सैन्याच्या करमणूक पथकात होते. त्या अनुभवावरील हे नाटक रॉयल शेक्सपियर कंपनीने १९७७ मध्ये लंडनच्या ऑल्डविच नाट्यगृहात सादर केले. काळ १९४८ चा, मलायातील बंडाचा. स्त्रीवेषात गाणारा कॅप्टन टेरी डेनिस हा पथकाचा प्राण; धर्मवेडा मेजर फ्लॅक या कलावंतांना जंगलात दौऱ्यावर धाडतो आणि विनोदाच्या ऐन भरात गोळी सुटते. १९८२ मध्ये त्याचा चित्रपट झाला. पटकथा निकोल्स यांचीच, दिग्दर्शक मायकेल ब्लेकमोर तेच, डेनिसच्या भूमिकेत डेनिस क्विली तेच; फ्लॅक मात्र जॉन क्लीझ यांनी केला. इतके सारे कायम राहूनही नाटकाची धार चित्रपटात बोथट झाली. कारण नाट्यगृहात तिकीट काढून बसलेला मनुष्यच नकळत सिंगापूरचा शिपाई होतो. डेनिस त्याच्याशी लघळपणा करतो, तो हसतो, आणि पुढच्या मृत्यूत त्या हसण्याचाही वाटा राहतो. पडद्यासमोरचा मनुष्य दुसऱ्यांसाठी चाललेला खेळ दुरून पाहणारा तिऱ्हाईत असतो.

वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्यात शस्त्रधारी सत्तेची टिंगल आहे, आणि दादा कोंडके यांचा हवालदार ती थेट समोरच्या प्रेक्षकांशी संगनमत करून करतो. (शिवकालीन गडावर हवालदार हा मुख्य अधिकारी, तर शिबंदीची हजेरी व हिशेब सबनिसाकडे, तेव्हा सबनिसांनीच हवालदाराची हजेरी घ्यावी हा योगायोग गमतीचा खरा.) हेच दोघे पुढे ‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटासाठी एकत्र आले, तेव्हा सबनिसांनी रंगमंचावरचा वग उचलून कॅमेऱ्यापुढे ठेवला नाही. त्यांनी नायकच तमाशाच्या नादी लागलेला एक भोळा खेडूत निवडला. पाहणारा नाम्या स्वतःच फडात शिरतो, आणि चित्रपटाचे कथानक तेथून पुढे सरकते.