उन्हात वाचता येणारा फोन

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत बहुतेक कारखाने रसायनांचे. ज्वालाग्राही वाफा असतील तिथे साधा मोबाइल नेत नाहीत. एक ठिणगी पुरते. त्यामुळे पाळी सुटल्यावर मेसेज वाचायचे ते गेटबाहेर, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला, टळटळीत उन्हात. तळहाताचा आडोसा करा, ब्राइटनेस पूर्ण वाढवा, तरी काचेत दिसतो आपलाच घामेजलेला चेहरा.

गंमत म्हणजे या उन्हावरचा उपाय २००६ सालीच भारताच्या बाजारात आला होता.

त्याचं नाव मोटोरोलाचा मोटोफोन एफ३. जेमतेम ९ मिलिमीटर जाडीचा, स्वस्त, पहिल्यांदाच मोबाइल घेणाऱ्यांसाठी बनवलेला. त्याचा पडदा ई-इंकचा होता, म्हणजे पुढे किंडलमध्ये गाजलेला इलेक्ट्रॉनिक कागद. त्यात बारीक कुप्या असतात आणि कुप्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. विजेचा झटका दिला की हवे ते कण वर येतात आणि तिथेच थांबतात. चित्र बदलतानाच वीज लागते, म्हणून बॅटरी खूप टिकते. शिवाय हा पडदा स्वतः उजेड टाकत नाही, बाहेरचा उजेड परतवतो. ऊन जितकं कडक, तितकी अक्षरं स्पष्ट. वाचता न येणाऱ्यांसाठी फोन बोलून सूचनाही द्यायचा.

मग तो आज कुणाच्या खिशात का नाही?

कारण त्या पडद्यावर ठिपके नव्हते. कॅल्क्युलेटरसारख्या ठरावीक रेघा होत्या. त्या जोडून रोमन अक्षरं आणि आकडे तयार व्हायचे. एका ओळीत सहा अक्षरं, ओळी दोन. ‘आज रात्रपाळी आहे, जेवायला थांबू नका’ हा निरोप रोमनमध्ये लिहिला तर साधारण ३८ जागा घेतो. एका वेळी बाराच दिसणार, म्हणजे चार तुकडे. ‘थांबू नका’मधला ‘नका’ शेवटच्या तुकड्यात. तिथवर न पोचणारा उलटाच अर्थ घेईल! देवनागरीचा तर प्रश्नच नव्हता. काना, वेलांटी, जोडाक्षर त्या रेघांत बसणार कसं?

२००३ सालच्या नोकिया ११०० चा पडदाही साधाच, पण ठिपक्यांचा. ठिपक्यांनी कुठलंही अक्षर काढता येतं. वर टॉर्च. तो जगभर २५ कोटींच्या आसपास खपला.

ई-इंक पुन्हा आलं ते महागड्या फोनवर. डिसेंबर २०१३मध्ये रशियन योटाफोनने पुढे नेहमीचा पडदा आणि पाठीवर कागदी पडदा दिला. २०१९मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. २०१४मध्ये एचटीसीने डॉट व्ह्यू कव्हर काढलं: भोकाभोकांचं झाकण, ज्यातून वेळ आणि फोन करणाऱ्याचं नाव ठिपक्यांत चमकायचं. दिसायला झकास, पण ऊन तिथेही जिंकायचं.

मोटोफोन बनवणाऱ्यांनी उन्हात उभ्या माणसाचा विचार केला, हे खरंच मोठं होतं. चूक झाली ती त्याच्याबद्दलच्या अंदाजात. गरीब आहे, फारसं वाचत नाही, म्हणजे बारा अक्षरं पुरतील. पण घर सोडून पाळीवर आलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं नेहमीच बारा अक्षरांहून जास्त असतं, आणि तेही आपल्या भाषेत.

आज तुमच्या फोनवर मराठी अख्खी दिसते. फक्त ती वाचायला सावली शोधावी लागते.