त्रेचाळिसाव्या वर्षी बेचाळीस शिखरं

बॉब ग्रॅहम हा उत्तर इंग्लंडातल्या केझिक गावचा, गेस्ट हाऊस चालवून पोट भरणारा माणूस. दारूला शिवत नसे, मांसाहार करत नसे. जून १९३२मध्ये गावातल्या मूट हॉलच्या दारातून तो डोंगराकडे निघाला आणि २३ तास ३९ मिनिटांनी, बेचाळीस शिखरं पायाखाली घालून त्याच दारात परतला. अंगात पायजम्यावरचा सदरा, गुडघ्यापर्यंतची चड्डी, पायांत टेनिसचे बूट. वाटेतली शिदोरी म्हणजे लोणी लावलेला ब्रेड, कच्चट उकडलेलं अंडं, फळं आणि गोळ्या. आज दहा किलोमीटरच्या शर्यतीलाही लोक कमरेला जेलच्या पुड्या बांधून येतात, ते त्यानं पाहिलं असतं तर गंमत वाटली असती. शिखरं बेचाळीसच का, तर वयाच्या प्रत्येक वर्षाला एक, असं सांगतात, पण खरं तर तो तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता.

हा सगळा मुलूख लेक डिस्ट्रिक्टचा. इथल्या उघड्याबोडक्या डोंगरांना ‘फेल’ म्हणतात आणि त्यांवर धावण्याला फेल रनिंग. उंचीच्या बाबतीत मराठी ट्रेकर नाक मुरडेल: इंग्लंडचं सर्वांत उंच शिखर स्केफेल पाइक अवघं ९७८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून साडेसहाशे मीटरनं ठेंगणं. पण ग्रॅहमच्या फेरीत सुमारे १०६ किलोमीटर अंतर आणि ८,२०० मीटर चढ आहे, आणि जेवढं चढायचं तेवढंच उतरायचंही आहे. त्यात बरीचशी जमीन दलदलीची, उतार घसाऱ्याचे, आणि ढग उतरले की दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही.

या डोंगरांत धावण्याच्या दोन परंपरा शेजारी शेजारी वाढल्या. एक जत्रेतली. ग्रासमेअर गावच्या क्रीडामेळ्यात १८६८पासून वाटाड्यांची शर्यत भरू लागली. समोरच्या डोंगरावर चढायचं, निशाणाला वळसा घालून खाली यायचं आणि रोख बक्षीस घ्यायचं. पंधरा मिनिटांच्या आत खेळ खलास. तिथे चालायचा पंचविशीचा पोरगा: फुप्फुस ताजं, गुडघे कोवळे, मानेची पर्वा नाही.

दुसरी परंपरा बक्षिसाविना चालली. चोवीस तासांत जास्तीत जास्त शिखरं करून निघालो त्या जागी परत यायचं, एवढाच नियम. पाहायला माणसं नाहीत, पंच नाहीत, पैसे नाहीत. या खेळात मात्र वयानं वेगळाच हिशोब मांडला. १९०५मध्ये आर्थर वेकफिल्ड या केझिकच्या डॉक्टरनं विक्रम केला तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. हाच वेकफिल्ड पुढे १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत गेला. त्याच १९२२ साली त्याचा विक्रम मोडला तो युस्टेस थॉमस या मँचेस्टरच्या इंजिनिअरनं. थॉमस तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता.

थॉमसबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण उतारवयातल्या सरावाचा विचार करताना हा माणूस फार उपयोगाचा आहे. लहानपणापासून डोंगरात वाढलेला तो नव्हता. शहरात कारखानदारी केलेला आणि मध्यमवयात लांब चालीच्या नादी लागलेला. इंग्लंडातला विक्रम खिशात घातल्यावर स्वारी आल्प्सकडे वळली, आणि ज्या वयात लोक काठी निवडतात त्या वयात त्यानं तिथली चार हजार मीटरवरची शिखरं एकेक करून संपवली. सगळी शिखरं पुरी करणारा तो पहिला ब्रिटिश. शिवाय डोंगरात जायबंदी झालेल्यांना खाली आणण्यासाठी त्यानं जे स्ट्रेचर घडवलं ते ब्रिटनमधल्या बचावपथकांनी पुढे कित्येक दशकं वापरलं. वेग त्याच्यापाशी नव्हताच. चढावर ठरावीक चालीनं चालत राहायचं, थांबायचं नाही, खाण्याची वेळ चुकवायची नाही, ही त्याची पुंजी.

ग्रॅहमचा सराव याहून साधा. बेचाळीस शिखरांपैकी प्रत्येकाची वाट त्यानं आधी चालून पाठ केली होती. बुटांची झीज नको आणि तळवे राठ व्हावेत म्हणून तो डोंगरावर अनवाणी हिंडायचा, अशी त्याची ख्याती आहे. फेरीच्या दिवशी चार मित्र टप्प्याटप्प्यानं सोबत धावले. एवढं करून गडी परत गेस्ट हाऊसच्या कामाला लागला. बातमी फार पसरली नाही. ज्यांच्या कानावर गेली त्यांतल्या काहींचा विश्वास बसला नाही. पुढची २८ वर्षं हा पराक्रम कुणालाही दुसऱ्यांदा जमला नाही. अखेर १९६०मध्ये लँकशरच्या ॲलन हीटननं तीच फेरी २२ तास १८ मिनिटांत पुरी केली, तेव्हा म्हातारा ग्रॅहम हयात होता. १९७१मध्ये त्याच्या नावानं क्लब निघाला. बेचाळीस शिखरं चोवीस तासांत केली की सभासद, दुसरी वर्गणी नाही. १९७७मध्ये जीन डॉज ही फेरी पुरी करणारी पहिली स्त्री ठरली.

हीटनच्या फेरीच्याच वर्षी, १९६०मध्ये, वॉसडेल खोऱ्यात डोंगरी शर्यत भरली होती. तिथल्या एका मेंढपाळाला ऐनवेळी उतरायची लहर आली. विजार गुडघ्यापाशी कापली, पायांत शेतावरचे जड बूट तसेच ठेवले आणि निघाला. पहिली काही अंतरं भल्याभल्यांच्या पुढे काढली, मग पिंढऱ्यांत गोळे आले. नाव जॉस नेलर, वय चोवीस. या माणसाच्या प्रकृतीचा कागद पाहिला तर कुठलाही प्रशिक्षक त्याला दारातूनच परत पाठवता. लहानपणी पाठीला इजा झालेली, एकोणिसाव्या वर्षी गुडघ्यातली कूर्चा काढलेली, बाविसाव्या वर्षी पाठीच्या दोन चकत्या काढलेल्या. सक्तीच्या लष्करी सेवेसाठीही तो अपात्र ठरला होता.

नेलरचं व्यायामाचं वेळापत्रक म्हणजे हर्डविक जातीच्या मेंढ्या. या मेंढ्या कुंपणाविना डोंगरावर चरतात, आणि प्रत्येक कळपाला आपली हद्द पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. वर्षातून अनेकदा, लोकर कातरायला किंवा औषधाच्या पाण्यात बुडवून काढायला, त्यांना कड्याकपारींतून हाकून खाली आणावं लागतं. कुत्री एका अंगाला, मेंढपाळ दुसऱ्या, आणि मेंढी शिरली एखाद्या नाळेत की तिच्यामागे धोंड्यांवरून उड्या टाकत उतरायचं. ढासळलेली दगडी कुंपणं पुन्हा रचायची, थंडीत चारा वर पोचवायचा. शर्यतीसाठी वेगळं पळणं संध्याकाळी, कामं आटोपल्यावर. त्याच्या उतरण्याची तारीफ सगळे करत. घसाऱ्यावर तो पाय ठेवून थांबत नसे. दगड सरकायच्या आत पुढचा पाय पडलेला असे. हे जिममध्ये येत नाही. ते रोजच्या कामातून पायांत मुरतं आणि साठीतही टिकतं.

१९७५च्या जूनमध्ये, भर उन्हाळ्यात, नेलरनं चोवीस तासांच्या आत ७२ शिखरं केली. तो विक्रम १९८८पर्यंत टिकला. १९७५च्याच ऑगस्टमध्ये टोरांटोला प्रौढ खेळाडूंचं पहिलं जागतिक अजिंक्यपद भरलं. पुरुषांना चाळिशीपासून, स्त्रियांना पस्तिशीपासून प्रवेश. गंमत अशी, की नेलर तेव्हा एकोणचाळीसचा. टोरांटोच्या हिशोबानं तो अजून ‘तरुण’ गटातला, आणि ग्रासमेअरच्या जत्रेच्या हिशोबानं कधीच मोडीत निघालेला.

लांब पल्ल्यात वय इतकं का खपवून घेतलं जातं, याचं शरीरशास्त्र गूढ नाही. वय वाढतं तसा हृदयाच्या ठोक्यांचा कमाल वेग उतरतो आणि स्नायूंतले झटपट आकुंचन पावणारे तंतू आधी बारीक होतात. म्हणून शंभर मीटरवाला तिशीतच हात टेकतो. संथ काम करणारे तंतू मात्र तग धरतात, आणि दिवसभराच्या डोंगरयात्रेत भार त्यांच्यावरच असतो. खरी गोची उताराची आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना आवळलेला राहतो आणि त्यातच तो फाटतो, दुखतो. पण एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच मार बराच कमी दुखणं काढून सोसतो. त्यामुळे वयस्क डोंगरधावक सपाटीवर मैलांचा ढीग लावण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी एखादा मोठा उतार पदरी पाडून घेतात आणि मध्ये विश्रांतीचे दिवस मोकळ्या मनानं घेतात. तरुणपणी एका दिवसात भरून येणारा थकवा आता तीन दिवस मागतो. तो देण्यावाचून गत्यंतर नाही.

१९८६मध्ये नेलर पन्नाशीत आला. आल्फ्रेड वेनराइट या कोशागार अधिकाऱ्यानं लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांवर हातानं लिहून, चित्रं काढून सात पुस्तकं केली होती. त्यांत २१४ डोंगर आहेत. ते सगळे एका दमात करण्याची वाट आदल्याच वर्षी ॲलन हीटननं दाखवली होती. तोच हीटन, १९६०चा, आता पंचवीस वर्षांनी मोठा. त्याला नऊ दिवसांहून जास्त लागले. नेलरनं सात दिवस, एक तास, पंचवीस मिनिटांत उरकलं. आठवड्यात पायांची पुरती दशा झाली. या विक्रमाला पुढे अठ्ठावीस वर्षं कुणी हात लावू शकलं नाही.

मग १९९०मध्ये नेलरनं समवयस्कांसाठी खेळच काढला. अल्सवॉटर सरोवराकाठच्या पूली ब्रिजपासून वॉसडेलमधल्या ग्रीनडेल पुलापर्यंत ७७ किलोमीटर, तीस शिखरं, सुमारे ५,२०० मीटर चढ. अट एकच: वय पन्नास पुरं हवं. पन्नास ते चोपन्न वयाला बारा तास, पंचावन्न ते एकोणसाठला चौदा, साठ ते चौसष्टला अठरा आणि पासष्टीपुढे चोवीस. लंडन मॅरेथॉनचा जनक आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकचा सुवर्णपदकविजेता ख्रिस ब्रॅशर यानं पहिल्या काही जणांना नाव कोरलेले मग देऊ केले. बदल्यात प्रत्येकानं समाजकार्यासाठी पैसे जमवायचे. वेळेच्या या कोष्टकात डोंगरातलं शहाणपण आहे. पासष्टीच्या माणसाला चोवीस तास म्हणजे दयामाया नव्हे. चांगला चालणाराच त्यात बसतो, पण त्याला धावायची सक्ती नाही.

या वाटेची तयारी करणारे आजही ग्रॅहमचीच रीत पाळतात. एका दिवसात एक टप्पा, नकाशा-होकायंत्रासह रेकी. कुठल्या खिंडीतून सोंड धरायची, कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी असतं, धुकं आलं तर कुठल्या कुंपणाला हात लावून चालायचं, हे सगळं वहीत. ग्रॅहमसारखेच प्रत्येक टप्प्याला सोबती लागतात, आणि ते बहुधा पूर्वी ही वाट केलेले किंवा पुढे करायला निघालेलेच असतात. नेलर स्वतः ग्रीनडेलला राहायला आला होता आणि वाट पुरी करून येणाऱ्यांशी हात मिळवायला पुलापाशी येऊन उभा राहत असे.

स्वतःची वर्षं मोजायची त्याची पद्धत ग्रॅहमची. साठाव्या वर्षी, १९९६मध्ये, साठ शिखरं छत्तीस तासांत. सत्तराव्या वर्षी, २००६मध्ये, सत्तर शिखरं एकवीस तासांच्या आत. (दोन्ही वेळची शिखरं आणि अंतरं निराळी, त्यामुळे म्हातारपणी वेग वाढला, असा हिशोब कुणी मांडू नये.) २०२४च्या जूनमध्ये तो वारला, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन.

त्याचा २१४ डोंगरांचा विक्रम २०१४मध्ये स्टीव्ह बर्किन्शॉनं मोडला. सहा दिवस तेरा तास. बर्किन्शॉ तेव्हा चाळिशीच्या मध्यावर होता. त्यानंतर सात वर्षांनी सबरीना व्हर्जी या स्त्रीनं तीच फेरी सहा दिवसांच्या आत आणली, आणि तीही तेव्हा चाळीस वर्षांची होती.