व्हिक्टोरियन काळातील पेटंट औषधे व वैद्यकीय जाहिराती

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) ब्रिटन व त्याच्या वसाहतींमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या, घटक गुप्त ठेवलेल्या आणि मुख्यतः जाहिरातींच्या बळावर खपणाऱ्या तयार औषधांना 'पेटंट औषधे' असे म्हटले जाते. गोळ्या, मलमे, अर्क व सिरप अशा स्वरूपांत ती मिळत. एकाच औषधाने अनेक असंबद्ध रोग बरे होतात, असा दावा त्यांच्या जाहिरातींत केलेला असे. यांपैकी काही औषधे निरुपद्रवी होती. काहींत मात्र अफू, मॉर्फीन यांसारखी घातक द्रव्ये होती. या काळात नोंदणीकृत डॉक्टरांच्या जाहिरातींवर निर्बंध आले. पण औषधांतील घटक ग्राहकाला सांगण्याची सक्ती ब्रिटनमध्ये १९४१ पर्यंत झाली नाही.

संज्ञा

'पेटंट औषध' ही संज्ञा काहीशी दिशाभूल करणारी आहे. पेटंट म्हणजेच एकस्व मिळविण्यासाठी कृती उघड करावी लागते, तर या औषधांचे उत्पादक कृती लपवून ठेवीत. त्यामुळे बहुतेक औषधांना प्रत्यक्षात एकस्व नव्हतेच. संरक्षण होते ते नावाला व वेष्टनाला. ब्रिटनमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर मुद्रांक शुल्क आकारले जाई. वेष्टनावरील हे सरकारी मुद्रांक म्हणजे औषधाच्या गुणाची शासनाने दिलेली हमी होय, असा अनेक ग्राहकांचा समज होत असे.

प्रसाराची कारणे

डॉक्टरांचे शुल्क गरिबांना परवडत नसे आणि तत्कालीन वैद्यकाकडेही पटकी, क्षय यांसारख्या रोगांवर खात्रीचा उपाय नव्हता. जाहिरातींवरील कर १८५३ मध्ये, वृत्तपत्रांवरील मुद्रांक कर १८५५ मध्ये आणि कागदावरील कर १८६१ मध्ये रद्द झाल्याने वृत्तपत्रे स्वस्त झाली व त्यांचा खप वाढला. त्यांच्या उत्पन्नात औषधांच्या जाहिरातींचा वाटा मोठा होता.

प्रमुख औषधे

टॉमस हॉलोवे (१८००–१८८३) यांनी १८३७ मध्ये मलम व त्यानंतर गोळ्या विकण्यास प्रारंभ केला. जाहिरातींवर त्यांनी १८४२ मध्ये ५,००० पौंड खर्च केले. १८८३ पर्यंत हा वार्षिक खर्च ५०,००० पौंडांवर गेला. औषध वापरण्याच्या सूचना जगातील अनेक भाषांत छापल्या जात. या व्यवसायातील संपत्तीतून लंडनजवळ मनोरुग्णालय व स्त्रियांसाठी महाविद्यालय उभे राहिले. महाविद्यालयाचे उद्घाटन १८८६ मध्ये स्वतः राणी व्हिक्टोरियाने केले.

टॉमस बीचम यांच्या सारक गोळ्यांची 'डबीचे मोल एक गिनी' अशा आशयाची जाहिरात प्रसिद्ध होती. पुढे झालेल्या पृथक्करणात या गोळ्यांत कोरफडीचा वाळवलेला रस (काळा बोळ), सुंठ व साबण आढळले. ५६ गोळ्यांच्या घटकांची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग होती. डबी मात्र १ शिलिंग दीड पेनीस विकली जाई.

क्लोरोडाइन या औषधाचा भारताशी निकटचा संबंध आहे. भारतातील ब्रिटिश सैन्यात डॉक्टर असलेल्या जॉन कॉलिस ब्राउन यांनी ते पटकीवरील उपाय म्हणून तयार केले. त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क व क्लोरोफॉर्म ही मुख्य द्रव्ये होती. अतिसार, खोकला व वेदना यांवर त्याने खरोखर आराम पडे. परंतु त्याची सवय लागत असे आणि अधिक मात्रेने मृत्यूही ओढवत. नक्कल करणाऱ्यांविरुद्ध १८६४ मध्ये चाललेल्या खटल्यात ब्राउन हेच मूळ संशोधक असल्याचे न्यायाधीशांनी म्हटले. त्यानंतर या निकालाचाच जाहिरातींत वापर होऊ लागला.

बालकांची औषधे

सर्वांत मोठी हानी अर्भकांना शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांनी झाली. 'गॉडफ्रीज कॉर्डियल' मध्ये अफू, तर अमेरिकेतून आलेल्या 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' मध्ये मॉर्फीन असे. कारखान्यात जाणाऱ्या माता किंवा मुले सांभाळणाऱ्या स्त्रिया ती देत. गुंगीत असलेले मूल दूध मागत नसे. त्यामुळे विषबाधेइतकाच उपासमारीनेही बालमृत्यू होई. बाटलीत अफू आहे, हे अनेक मातांना ठाऊकच नसे. मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांमध्ये मुलांना अफूयुक्त 'बाळागोळी' देण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आढळत असे.

डॉक्टरांच्या जाहिराती

१८५८ च्या वैद्यक कायद्याने ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदवही व तिच्या देखरेखीसाठी वैद्यक परिषद अस्तित्वात आली. व्यावसायिक गैरवर्तन करणाऱ्याचे नाव नोंदवहीतून काढण्याचा अधिकार परिषदेला होता आणि रुग्ण मिळविण्यासाठी जाहिरात करणे गैरवर्तन मानले जाऊ लागले.

टॉमस अॅलिन्सन या डॉक्टरांनी औषधांऐवजी शाकाहार, व्यायाम व कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पावाचा पुरस्कार केला. स्वतःची जाहिरात करणे व इतर डॉक्टरांची निंदा करणे या कारणांवरून त्यांचे नाव १८९२ मध्ये नोंदवहीतून काढण्यात आले. अपील न्यायालयाने १८९४ मध्ये ही कारवाई कायम ठेवली. लंडनमधील शाकाहारी मंडळाच्या निमित्ताने महात्मा गांधींचा त्यांच्याशी परिचय होता आणि १९१४ मध्ये आजारपणात गांधींनी त्यांचा सल्ला घेतला होता. नोंदवहीबाहेरील औषधविक्रेत्यांवर मात्र परिषदेची सत्ता चालत नसे.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत लुई लॉरेन्स स्मिथ (१८३०–१९१०) हे जाहिरातबाज डॉक्टर म्हणून ख्यात होते. १८५२ मध्ये मेलबर्न येथे आलेले स्मिथ एक पौंड शुल्क घेऊन पत्राद्वारे सल्ला देत. डॉक्टरांपासून दूर राहणाऱ्या वसाहतकऱ्यांना ही सोय उपयुक्त वाटे. व्यवसायबंधूंच्या टीकेनंतरही ते अनेक वर्षे वसाहतीच्या विधानसभेचे सदस्य होते.

भारतातील प्रसार

इंग्रजी वृत्तपत्रांबरोबर या औषधांच्या जाहिराती भारतात आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी वृत्तपत्रांतही शक्तिवर्धक व 'रामबाण' औषधांच्या जाहिराती छापल्या जाऊ लागल्या. देशी उत्पादकांनीही बंद बाटली, व्यापारचिन्ह व जाहिरात हे तंत्र आत्मसात केले. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ मध्ये मुंबईत 'अमृतांजन' या वेदनाशामक मलमाचा व्यवसाय सुरू केला. या उद्योगाच्या आधारावर त्यांनी १९०८ मध्ये मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू नियतकालिक काढले.

नियंत्रण

ब्रिटनच्या १८६८ च्या औषधविक्री कायद्याने विषारी द्रव्यांच्या विक्रीवर बंधने घातली, परंतु पेटंट औषधांना त्यांतून सूट दिली. ऑस्ट्रेलियात ऑक्टेव्हियस बील यांच्या चौकशी आयोगाने १९०७ मध्ये गुप्त औषधांवर अहवाल सादर केला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये 'सीक्रेट रेमेडीज' या ग्रंथात अनेक औषधांचे पृथक्करण व घटकांच्या किमती प्रसिद्ध केल्या. अनेक वृत्तपत्रांनी या ग्रंथाची जाहिरात छापण्यास नकार दिला. ब्रिटिश संसदेच्या समितीचा अहवाल ऑगस्ट १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू होत असतानाच आल्याने दुर्लक्षित राहिला. अखेर १९४१ च्या कायद्याने घटक जाहीर करणे बंधनकारक झाले आणि औषधांवरील मुद्रांक शुल्क रद्द झाले.

भारतात आर. एन. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३०–३१ मध्ये औषधांच्या बाजाराची चौकशी केली. त्यानंतर १९४० मध्ये औषध कायदा संमत झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी १९५४ मध्ये औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा करण्यात आला. ठरावीक रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना त्याने मनाई केली असून तो आजही लागू आहे.