शेळी घरची, बोकड गावचा

बेळगाव शहराच्या दक्षिण अंगाला, शहापूर आणि वडगाव यांच्या शेजारी, मागाच्या खटखटीवर दिवस मोजणारी जी विणकरांची वस्ती आहे तिला खासबाग म्हणतात. आणि ‘खास’ हा शब्द ज्या दफ्तरी भाषेतून आपल्याकडे आला तिच्यात त्याचा अर्थ धन्याच्या जातीच्या मालकीचे, दिवाणी जमाखर्चापासून अलग ठेवलेले, असा होत असल्यामुळे, कोण्या काळी येथे कोण्या अंमलदाराची राखीव बाग असावी असे त्या नावावरूनच वाटते. बागेचे आणि शेळीचे हाडवैर सर्वश्रुत आहे. शेळीने तोंड लावले नाही असा पालाच नाही, या अर्थाची म्हण कानडी मुलखात पोराटोरांच्या तोंडी असते. असे असूनही बागेचे नाव मिरवणाऱ्या या वस्तीत मागाच्या खोलीला लागून असलेल्या पडवीत एखाददुसरी शेळी बांधलेली असावयाची, आणि सांजेला तिच्या धारेचे पेलाभर दूध घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या वाट्याला जावयाचे, हा क्रम मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्या शेळीला बोकड कोठून मिळे, या साध्या प्रश्नापासून हे लेखन निघाले.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. पुण्याकडचा माणूस ज्या प्राण्याला बकरी म्हणतो त्याला आमच्याकडे शेळी किंवा शेरडू म्हणतात, आणि आमच्याकडे ‘बकरी’ म्हटले की मेंढरे समजावयाची. ‘यंदा शेतात बकरी बसवली’ असे निपाणीचा तंबाखूवाला सांगतो तेव्हा धनगरांचा वाडा त्याच्या रानात मुक्कामाला येऊन लेंडीखत टाकून गेला एवढाच त्याचा आशय असतो, व त्या मुक्कामाबद्दल त्याने धान्य मोजलेले असते. बाहेरून आलेल्या माणसाने या बोलीतली खानेसुमारी केली तर शेळ्यांची मेंढरे आणि मेंढरांच्या शेळ्या होण्याचे भय आहे. मादी पिलाला पाट म्हणतात, लहानग्याला करडू, आणि शेळी माजावर येऊन नराशी तिचा संयोग झाला म्हणजे ती ‘फळली’ असे म्हणतात. वनस्पतीचे हे क्रियापद जनावराला लावणाऱ्या पूर्वजाने पाच महिन्यांनंतरचे दृश्य आधीच डोळ्यांपुढे आणले होते.

हे पाच महिने म्हणजे शेळीपालनाच्या सर्व व्यवहाराचे गणित होय. गाभणकाळ सुमारे दीडशे दिवसांचा. आषाढात फळलेली शेळी मार्गशीर्षात विते, तेव्हा हवा कोरडी असते, खळ्यावर भुसकट असते, बांधावर शेंगांची वाळकी पाने असतात, आणि आईच्या अंगी दूध उतरते. उलट फाल्गुनात फळलेली शेळी ऐन श्रावणात विते, आणि बेळगावच्या पश्चिमेकडील पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला ओल्या जमिनीवर पडलेल्या, फुफ्फुसे भरून आलेल्या करडांचे काय होते हे निराळे सांगावे लागत नाही. म्हणून शहाणा मेंढका शिमग्याच्या सुमारास बोकडाला कळपापासून दूर ठेवी. हे ज्ञान कोणत्याही पोथीत लिहून ठेवलेले नव्हते. आजीने सांगितलेले आणि एका श्रावणात तीन करडे गमावून पटलेले असे ते होते.

याच हेतूने नराला आवर घालण्याच्या युक्त्या जगभर सापडतात. रोमचा व्हॅरो याने इसवी सनापूर्वी ३७ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, शेतीवर ग्रंथ लिहावयास घेतला, त्यात लव्हाळ्याच्या लहान टोपल्या बांधून अवेळीचा संयोग टाळण्याची रीत नमूद आहे. पूर्व आफ्रिकेतील मासाई लोक त्याच कामी मेंढ्याच्या पोटाखाली चामड्याचा पडदा बांधतात. आपल्याकडील कौटिल्याने मात्र नराला बांधण्यापेक्षा त्याची मोजदाद करण्यावर भर दिला. अर्थशास्त्राच्या गोध्यक्ष-प्रकरणात कळप कसा रचावा याचे प्रमाण दिले आहे: शंभर गाढवांच्या अगर घोड्यांच्या कळपात पाच नर, गाई-म्हशी-उंटांच्या कळपात चार, आणि शेळ्यामेंढ्यांच्या कळपात दहा. त्याच प्रकरणात शेळ्यामेंढ्यांची लोकर दर सहा महिन्यांनी घ्यावी असेही सांगितले आहे. शंभरांत दहा नर हे प्रमाण आजच्या पशुवैद्यांना सढळ वाटेल, कारण एक निरोगी बोकड वीस-पंचवीस शेळ्यांना पुरतो; पण राजाच्या कळपाला मांसाचा आणि कातड्याचाही हिशेब असावयाचा, आणि दहांतले काही लांडग्याच्या खाती पडणार हेही त्या व्यवहारचतुर पुरुषाने गृहीत धरले असावे.

खासबागेच्या बोळात मात्र शंभराचा कळप नव्हता. एका दाव्याला एक शेळी, फार तर दोन. त्यामुळे येथला प्रश्न प्रमाणाचा नसून वेळेचा असे. शेळी माजावर आली म्हणजे ती वैरणीकडे पाठ फिरवते, शेपटी सारखी हलवते, आणि घर डोक्यावर घेते. ती अवस्था एक दिवस, फार तर दोन दिवस टिकते, आणि ती हुकली तर पुढचे तीन आठवडे हात चोळीत बसावे लागते. म्हणून घरातली बाई मागावरच्या पुरुषाला न विचारताच पोरीच्या हाती दावे देई आणि ‘हिला दावून आण’ एवढेच सांगे. पोर निघे, शेळी कधी पुढे, कधी मागे, कधी एखाद्या ओट्यावर वाळत घातलेल्या पापडांना तोंड लावीत, आणि ज्या घरी बोकड असे ते घर चार दारे अलीकडूनच नाकाला कळे. त्या दर्पाला उपमा देणे अवघड आहे. पाळणारा त्याला सरावतो, त्याच्या बायकोच्या लुगड्याला तो वर्षभर येतो, आणि शेजारी कुरकुरतात, पण बोकडाला गल्लीतून हाकलून द्या असे त्यांच्यातला कोणीही म्हणत नाही, कारण पुढच्या पंधरवड्यात त्याच्याही घरची शेळी ओरडणार असते. मोबदला म्हणून पोरीच्या ओच्यात सुपलीभर कोंडा किंवा जोंधळे दिलेले असत. पुढे त्याचे पैसे झाले.

त्या घरी बोकड राखण्याची कारणे बहुधा शेळ्यांशी संबंधित नसत, आणि माझ्या मते आमच्या भागातील शेळ्यांच्या पैदाशीचा खरा इतिहास येथेच आहे. शेळी घरची असे. तिच्यावर ममत्व असे, तिला नाव असे. नर करडाला नाव ठेवण्याचे कारण नव्हते. तो तीन-चार महिन्यांचा झाला की त्याला वेगळे काढावे लागे, नाही तर तो आपल्या बहिणीच्या, म्हणजे कोवळ्या पाटीच्या मागे लागे, आणि अकाली फळलेली पाट आयुष्यभर खुजी राही. वेगळे काढलेल्या नराचे पुढे दोन मार्ग. पहिला खच्ची होण्याचा. बैल जसा ‘बडवीत’ तसाच बोकडही दोन लाकडांमध्ये धरून चेचीत. पुढे बर्डिझो नावाच्या इटालियन पशुवैद्याने काढलेला चिमटा सरकारी दवाखान्यांतून आला तेव्हा ते काम रक्त न काढता होऊ लागले. खच्ची बोकडाच्या अंगाला दर्प येत नाही, चरबी धरते, आणि खाटीक दोन पैसे जास्त मोजतो. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला व मागोमाग छावणी पडली, तेव्हापासून या मालाला बारमाही गिऱ्हाईक झाले. शहापूर पेठ सांगलीच्या पटवर्धनांच्या अंमलात आणि छावणी कंपनी सरकारच्या. तेव्हा संस्थानी हद्दीत चरलेला बोकड इंग्रजी हद्दीत कापला जाई, आणि सरहद्द ओलांडण्याची ही तालीम आमच्या जनावरांना १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या पुष्कळ आधीपासूनची आहे असे म्हणावयास हरकत नाही.

यात एक अनर्थ दडलेला होता. जे करडू झपाट्याने अंग धरी, ज्याची छाती रुंद आणि पाय सरळ असत, त्याच्यावरच खाटकाचा डोळा प्रथम पडे व तेच प्रथम खच्ची होई. मागे राहिलेला किरकोळ नर निव्वळ दुर्लक्षामुळे बोकड बनून गल्लीचा पितामह होई. पेरणीला हलके बी ठेवून भारी धान्य बाजारात घालणाऱ्या कुणब्याला आपण वेडा म्हटले असते.

या घसरणीला थोडाबहुत अडसर घातला तो देवाने. नर करडाचा दुसरा मार्ग नवसाचा. ग्रामदेवीच्या यात्रेला बोकड बोलला म्हणजे तो व्यंगरहित असला पाहिजे हा दंडक. सबब तो खच्ची करता येत नसे, आणि बोलावयाचा तो नजरेत भरणाराच बोलत, कारण देवीची आणि भावकीची नजर सारखीच तिखट. आमच्या भागात पुष्कळ गावी लक्ष्मीची यात्रा वर्षावर्षाला न भरता मधे बरीच वर्षे टाकून भरते. तोवर तो कान फाडून खूण केलेला देवाचा बोकड गावभर हिंडे, कोणाच्याही परड्यात शिरून पाला ओरबाडी, आणि त्याला काठी मारण्याचा धीर कोणास होत नसे. कोंडवाड्यात घालण्याची तर बातच नको. जाता जाता तो गावातल्या शेळ्या फळवी, आणि त्याबद्दल मूठभर कोंडाही मागत नसे. या धार्मिक आचारात पैदाशीचा हेतू होता असे मी म्हणत नाही. हेतूवाचून झालेल्या चांगल्या गोष्टी इतिहासात विपुल आहेत.

सरकारचे या प्रकरणातले वर्तन पाहण्याजोगे आहे. १८७१ चा जनावरांच्या अतिक्रमणाचा कायदा ‘गुरे’ या शब्दाची व्याख्या करताना शेळी आणि करडू यांचा स्पष्ट नामनिर्देश करतो, कारण त्यांच्या धन्याकडून दंड वसूल करावयाचा होता. १८७८ च्या जंगल-कायद्याने राखीव रानाच्या वाटा अडल्या, आणि शेळी ही झाडांची वैरीण ठरली. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात गायरानाच्या आणि डोंगरच्या पाल्याच्या भरवशावर एकदोन गाई व दोनचार शेरड्या बाळगून गावातच निर्वाह करणाऱ्या लहान कुळांची दैना वर्णिली आहे, ती या फेऱ्यातलीच. पुढे लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशनने १९२८ मध्ये अहवाल दिला, आणि १९३३ मध्ये मुंबई सरकारने पशुसुधारणेचा कायदा केला. त्यात नालायक नर खच्ची करण्याचा आणि पैदाशीच्या नराला परवाना देण्याचा अधिकार सरकारने घेतला, पण तो सारा कटाक्ष वळूवर होता. दंडाच्या कायद्यात जिचे नाव आग्रहाने घातले ती शेळी सुधारणेच्या वेळी कोणाला आठवली नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची आपण थट्टा करतो, पण या उंटावरच्या स्वारांनी शेळ्या हाकण्याचीही तसदी घेतली नाही.

आमच्याच गावात याचे एक सुंदर प्रत्यंतर घडले. डिसेंबर १९२४ मध्ये राष्ट्रसभेचे एकोणचाळिसावे अधिवेशन बेळगावास टिळकवाडीच्या बाजूला भरले, आणि गांधीजींनी आयुष्यात भूषविलेले अध्यक्षपद ते हे एकच. त्याच मुक्कामात गोरक्षण परिषद भरून तिचेही अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले. दूध वर्ज्य करण्याचे त्यांचे व्रत पूर्वीचे. पण दुखण्यातून उठताना, व्रत घेतेवेळी गाय-म्हैसच मनात होती, या कस्तुरबांच्या युक्तिवादाने १९१९ पासून ते शेळीचे दूध घेऊ लागले होते. तेव्हा गाईच्या रक्षणाचा विचार करणाऱ्या त्या सभेच्या अध्यक्षांचा देह शेळीच्या दुधावर तगलेला होता. अधिवेशनासाठी खोदलेली विहीर अद्याप दाखवितात.

शेळीच्या मालकीची आणखी एक तऱ्हा सांगितल्यावाचून हा वृत्तांत अपुरा राहील. ज्याच्याजवळ चार पैसे असत तो पाट विकत घेऊन एखाद्या गरीब विधवेच्या घरी अर्धेलीने सोडी. तिने चारावे, फळवून आणावे, बाळंतपण करावे, आणि झालेल्या करडांचा निम्मा वाटा धन्याला द्यावा. आमच्या शेळ्या बहुधा जुळी देतात, त्यामुळे वाटणी सोपी. एकच झाले तर ते वाढवून विकावयाचे आणि रकमेचे दोन भाग करावयाचे. एक पाट आणि एक बोकड झाला म्हणजे मात्र कज्जा उभा राही. धन्याला बोकड हवा असे, कारण त्याचे पैसे लवकर होत. बाईला पाट हवी असे, कारण ती दोन वर्षांनी तिची स्वतःची शेळी होई. दोघांच्या मनासारखे होई असा हा दुर्मीळ कज्जा, पण घासाघीस केल्याशिवाय तो कधी मिटलेला मी पाहिला नाही.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत विद्येचा हात या व्यवसायापर्यंत पोहोचला. काळी, जुळ्यांसाठी नावाजलेली उस्मानाबादी आणि दक्षिण कोकणातली कन्याळ यांना जात म्हणून सरकारदरबारी मान्यता मिळाली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने परदेशी बोअर बोकडाची पैदास आणून शेळीच्या कृत्रिम रेतनाचे काम उभे केले, आणि बनबिहारी निंबकरांनी सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत उतरविला. पण या विद्येची नळकांडी खासबागेच्या बोळात वेळेवर पोहोचणे कठीणच, कारण शेळी एक दिवस ओरडते आणि माणसाला खबर पोहोचून तो येईतो दुसरा दिवस उजाडतो.

सरहद्दीपलीकडे महाराष्ट्रात सरकारी योजनेतून शेळ्यांचा गट देतात तो दहा शेळ्या आणि एक बोकड असा. कौटिल्याच्या शंभरांत दहाशी हे प्रमाण जवळजवळ जुळते. गेल्या वर्षी तिकडच्या एका नातलग बाईने असा गट घेतला. बोकड उमदा होता, काळाभोर, कानांची लांबी वितीहून अधिक. बकरी ईदेच्या आठवड्यात एक दलाल दारी आला आणि त्याने जी किंमत सांगितली तिच्यापुढे तिच्या मुलाचे शाळेचे वर्ष उभे होते. श्रावणात मी गेलो तेव्हा दहा शेळ्या दाव्याला होत्या. त्यांतली एक सकाळपासून ओरडत होती, आणि बाई डोक्यावर इरले घेऊन तिला वरच्या आळीत दावायला निघाली होती.