अल्प-इंधन इशारा यंत्रणा व तिची चाचणी

प्रवासी विमानाच्या टाकीतील इंधन ठरावीक पातळीखाली गेले की दिवा व आवाजाने वैमानिकाला सावध करणारी यंत्रणा. जुन्या स्कूटरचा ‘रिझर्व्ह’ कॉक हा तिचा घरगुती भाऊबंद. निपाणी–बेळगाव रस्त्यावर गाडी आचके देऊ लागली की चालक खाली हात घालून कॉक फिरवी. इंधनाचा काटा बंद असला तरी बिघडत नसे, कारण टाकीतल्या नळीची उंचीच इशारा देई. विमानातला इशाराही असाच मुख्य काट्यावर न विसंबता चालतो की नाही, हे पाहणे चाचणीत सर्वांत महत्त्वाचे.

टाकीत उभ्या दांड्यांची विद्युत धारिता मोजून इंधनाचा अंदाज घेतात. दांडा हवेऐवजी इंधनात बुडाला की धारिता सुमारे दुप्पट होते. तळाशी पाणी साचले तर मापन पार बिघडते. इशाऱ्यासाठी तरंगता स्विच किंवा वेगळा संवेदक बसवता येतो. जमिनीवरच्या चाचणीत विमान समतल करून टाकी थोडीथोडी रिकामी करतात व दिवा नेमका कोणत्या पातळीला लागतो ते टिपतात. वापरता न येणारे इंधनच तेवढे उरले की काटा शून्यावर हवा. विमान कलंडले, नाक वर गेले, इंधन हिंदकळले, तर काय होते तेही तपासावे लागते. मग मुद्दाम दोष घालतात: दांड्याची तार काढायची, काट्याला खोटे माप पुरवायचे आणि दिवा तरीही लागतो का ते पाहायचे. कॉकपिटमधले चाचणीचे बटण दाबून दिवा पेटला, एवढ्यावर टाकीतला संवेदक शाबूत आहे असे धरता येत नाही.

इशारा काट्यावर विसंबून असणे ६ ऑगस्ट २००५ रोजी महागात पडले. ट्युनइंटर या विमान कंपनीच्या एटीआर ७२ विमानात एटीआर ४२ चा इंधनदर्शक बसवला गेला होता. टाक्या कोरड्या पडल्या तरी तो सुमारे १,८०० किलो दाखवत होता. इशाराही त्याच दर्शकावर अवलंबून असल्याने दिवा लागला नाही. विमान सिसिलीजवळ समुद्रात उतरले. ३९ पैकी १६ जण दगावले. हेलिकॉप्टरसाठी अमेरिकी नियम आधीपासूनच कडक होता: सुमारे १० मिनिटांचे इंधन उरले की इशारा, तोही काट्यापासून स्वतंत्र. मोठ्या विमानांच्या युरोपीय निकषांत इंधनविषयक इशाऱ्याची अट २०१२ साली आली.

इशारा मिळाला तरी उतरायला जागा हवी. १५ नोव्हेंबर १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए३०० हैदराबादला उतरू न शकल्याने चेन्नईकडे (तेव्हाचे मद्रास) वळले. पंखांचे फ्लॅप आत जाईनात, त्यामुळे इंधन भराभर संपले आणि विमान तिरुपतीजवळच्या भातखाचरात टेकवावे लागले. सर्वजण वाचले.

  बेळगावचा सांबरा विमानतळ १९४२ सालचा. तिथेही एटीआर ७२ विमाने येत आली आहेत. अशा विमानाच्या इंधनदर्शकाबद्दल शंका आल्यास अभियंता पंखाखाली वाकून चुंबकी मापनकांडी खाली ओढतो, खुणेवरचा आकडा वाचतो आणि कॉकपिटमधल्या आकड्याशी ताडून पाहतो.