नाताळ

'नाताळ' हा शब्द मराठीच्या दप्तरी इतका बेमालूम रुजू झाला आहे, की १५१० मध्ये गोव्यावर अंमल बसविणाऱ्या पोर्तुगिजांकडून तो आला, त्यांना तो जन्मवाचक लॅटिन 'नातालिस'पासून लाभला आणि त्याचा मूळ धातू आपल्या 'जन्' धातूचा सगोत्र आहे, हे सहसा ध्यानी येत नाही. १४९७ च्या नाताळात वास्को द गामाने आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याला बहाल केलेले नावही हेच. परंतु या सणाचे खरे वैभव गोमंतकीय स्वयंपाकघरात आहे : तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ मंद आचेवर, तूप सुटावे तसे खोबरेल सुटेपर्यंत, अखंड घोटून केलेला दोदोल, आणि आपल्या करंजीची सख्खी बहीण शोभणारी नेवरी, ही तबकात मांडून हिंदू शेजाऱ्यांकडे पोचती करण्याची तिथली वहिवाट मला अत्यंत प्रिय आहे.