धुराची वाट

मनमाडहून सिकंदराबादेस जाणारी मीटर गेजची लोहवाट विसाव्या शतकाच्या आरंभीं मराठवाड्यांतून गेली. मानवत रोड सोडून परभणीकडे येतांना त्या वाटेवर पेडगांव हें लहानसें स्टेशन लागतें. वाफेच्या गाड्यांच्या काळीं आगगाडी अशा स्टेशनांतून हलूं लागली म्हणजे तिचा भकभकाट शिवारांत दूरवर ऐकूं जाई. तो आवाज थकलेल्या वाफेचा. दट्ट्या ढकलून झाल्यावर जी वाफ उरे, ती एका अरुंद तोंडाच्या नळींतून धुराड्यांत वर सोडलेली असे. ती जोरानें वर जातांना आपल्याबरोबर भट्टींतील धूर ओढून नेई, आणि त्या ओढीमुळें विस्तवावर ताजी हवा येई. गाडीला चढ लागला कीं वाफ अधिक खर्च होई, आणि तीच वाफ जातां जातां विस्तव अधिक फुलवी. ब्रिटनमध्यें ट्रेव्हिथिकनें १८०४ सालीं आपल्या इंजिनाची वाफ धुराड्यांत सोडली, आणि स्टीफन्सनच्या १८२९ च्या 'रॉकेट' इंजिनानें ही युक्ति सर्वमान्य केली. टाकाऊ धुरालाही काम सांगतां येतें, हें यंत्रविद्येला तेव्हांपासून ठाऊक आहे.

मोटारीच्या इंजिनाला मात्र ही गोष्ट पुष्कळ उशिरां उमगली. धूर म्हणजे घरांतील सांडपाणी. तें कसेंबसें बाहेर काढलें म्हणजे झालें, अशी प्रथम समजूत होती. म्हणून चार सिलिंडरांच्या चारही तोंडांना मिळून बिडाची एक ओतीव पेटी बसवीत आणि तिच्या बुडाशीं एक नळी जोडीत. या पेटीला आपले मिस्त्री मॅनिफोल्ड म्हणतात. बीड स्वस्त, उष्णता सोसणारें आणि आवाज दाबणारें; कारखानदाराच्या दृष्टीनें तिच्यांत कांहींच उणें नाहीं. पण चार सिलिंडरांच्या इंजिनांत स्फोटांचा क्रम बहुधा एक, तीन, चार, दोन असा असतो. म्हणजे तिसऱ्याच्या पाठोपाठ त्याचा शेजारी चौथा आणि दुसऱ्याच्या पाठोपाठ त्याचा शेजारी पहिला धूर सोडतो. आंखूड पेटींत एकाचा सुस्कारा दुसऱ्याच्या तोंडावर जाऊन आदळतो, आणि जो धूर बाहेर जावयाचा तो कांहीं अंशीं आंतच कोंडतो. जितका जुना धूर आंत राहिला, तितकी नवी हवा कमी.

यावर उपाय असा कीं, प्रत्येक तोंडाला स्वतंत्र नळी द्यावयाची आणि त्या नळ्या दूर जाऊन एकत्र करावयाच्या. पहिलीची सांगड चौथीशीं आणि दुसरीची तिसरीशीं घातली, तर त्या जोडींतील दोन स्फोटांमध्यें इंजिनाचा एक पुरा फेरा जातो, आणि मग त्या जोडनळ्या एक करतां येतात. शिवाय तापलेल्या धुरांत दाबाची लाट सेकंदाला सुमारें ५५० मीटर वेगानें धांवते. नळीच्या मोकळ्या तोंडाशीं पोंचली कीं ती उलटून ओढीची लाट होऊन परत येते. नळीची लांबी नेमकी साधली, तर ती परतलेली लाट झडप मिटण्यापूर्वीं उरलेला धूर शोषून घेते. अशा नळ्यांच्या जुडग्याला हेडर हें नांव पडलें. १९३२ सालीं फोर्डनें स्वस्त आठ सिलिंडरी इंजिन काढलें. त्यांत प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांना धुराचीं तोंडें मात्र तीनच होतीं. कॅलिफोर्नियांतील तरुणांनीं तें इंजिन जुन्या हलक्या गाड्यांत घातलें, आणि नळ्या वांकवून व जोडून हेडर तयार करण्याची विद्या घरोघरच्या शेडींत वाढविली. दुसऱ्या महायुद्धांत स्पिटफायर विमानाच्या धुराच्या नळ्या मागें वळवून त्यांचाही थोडा रेटा विमानाला मिळवून दिला होता; पण तो विषय निराळा.

पेडगांवासारख्या स्टेशनावर उतरलेल्या माणसाला पुढें आडगांवीं जावयाचें, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बैलगाडीच्या जोडीला जीप आली. ही गाडी मूळ अमेरिकन सैन्याची, १९४१ सालची, २.२ लिटरांचें पेट्रोल इंजिन, शक्ति ६० अश्वांची. महिंद्र बंधूंची कंपनी १९४५ सालीं स्थापन झाली, आणि १९४७ पासून विलीज जीपची जुळणी तिनें मुंबईंत आरंभिली. गाडी चिवट, पण पेट्रोलची भारी भुकेली. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें. पिंपाला सुमारें ३ डॉलर असलेला भाव १९७४ च्या आरंभीं १२ डॉलरांच्या घरांत गेला. आपल्याकडे डिझेल पेट्रोलपेक्षां पुष्कळ स्वस्त ठेवण्याचें सरकारी धोरण होतें. तेव्हां ज्याचें पोट जीपवर, त्यानें काय करावें? नवी गाडी घेण्याची ऐपत नाहीं, आणि जुन्या गाडीचा सांगाडा तर धडधाकट. त्यानें जुनें इंजिन काढून डिझेलचें बसविलें. महिंद्र कंपनीनें १९७९ सालीं फ्रान्सच्या प्यूजोशीं करार करून तिचें डिझेल इंजिन आणलें. पुण्याच्या बजाज टेंपोनें पुढें मर्सिडीज-बेंझच्या परवान्यानें २.४ लिटरांचें इंजिन मॅटॅडोर गाडींत घातलें. अपघातांत सांपडलेल्या किंवा भंगारांत निघालेल्या गाड्यांतून हीं इंजिनें मिस्त्र्यांच्या हातीं येऊं लागलीं.

इंजिन बदलणें ऐकायला सोपें आहे. पाये नवे करतां येतात. गिअरपेटीशीं सांधा जोडणारी तबकडी कातून घेतां येते. रेडिएटर मोठा मिळतो. धुराची नळी मात्र विकत मिळत नाहीं, कारण त्या इंजिनाची आणि त्या सांगाड्याची गांठ कोणत्याही कारखान्यानें घालून दिलेली नसते. मूळच्या विलीज इंजिनांत धुराचा मॅनिफोल्ड पेट्रोलच्या नळाला चिकटून असे, कारण त्याच्या ऊष्म्यानें पेट्रोलची वाफ नीट होई. डिझेलला त्याची गरज नाहीं. पण दुसऱ्या गाडीसाठीं ओतलेला मॅनिफोल्ड येथें कोठें सुकाणूच्या दांड्याला अडे, कोठें चाशीच्या पट्टीला, कोठें ब्रेकच्या नळीला. कांहीं जण तो बिडाचा मॅनिफोल्डच कापून त्याला नवें तोंड डकवीत. हा आळशाचा मार्ग. बिडाचा सांधा निवतांना तडकतो, आणि पितळेनें झाळला तरी फार दिवस टिकत नाहीं.

जाणता कारागीर आधीं जाड तार घेई. इंजिन जागेवर बसलें म्हणजे प्रत्येक तोंडापासून खालच्या नळीपर्यंत ती तार अडथळे चुकवीत वांकवी. हाच त्याचा नकाशा. मग आठ-दहा मिलिमीटर जाडीच्या पट्टींतून फ्लँज कापी आणि जुन्या गॅस्केटवरून तिचीं भोंकें आंखी. नळी वांकवितांना ती चेपूं नये म्हणून तींत वाळू ठासून दोन्हीं टोकांना बुच मारीत आणि लाल होईतों तापवून तारेच्या मापानें वळवीत. ही वाळू भाजून कोरडी केलेली असली पाहिजे; ओली राहिली तर आंत वाफ कोंडून बुच बंदुकीच्या गोळीसारखें उडतें. नळ्या प्रथम गाडीवरच दोन-दोन टाके मारून धरावयाच्या, नंतर उतरवून पुरा सांधा घ्यावयाचा. आणि त्या वेळीं फ्लँज एखाद्या निकामी सिलिंडरहेडला आवळून बांधावयाची, नाहींतर ती उष्णतेनें धनुष्यासारखी वांकते.

शर्यतवाल्याचें लाटेचें गणित येथें फारसें उपयोगाचें नव्हतें. जीपचें डिझेल इंजिन संथ. त्याला वेग नको, श्वास हवा. परंतु दोन तोंडें समोरासमोर येऊं नयेत, वळण काटकोनी नसावें, हे नियम तेथेंही तेच. आणि ते पुस्तक न वाचतां हातांना कळले होते.

हें सारें गांवोगांव शक्य झालें तें वायूच्या ज्योतीमुळें. कॅल्शियम कार्बाइड स्वस्तांत करण्याची रीत १८९२ सालीं विल्सननें शोधिली. लोकांना तें सायकलीच्या दिव्यामुळें ठाऊक झालें. त्यावर पाणी पडलें कीं ॲसिटिलीन निघतो, आणि तो प्राणवायूबरोबर जाळला तर ३,००० अंशांहून अधिक ऊष्मा मिळतो. या ज्योतीचा हातांत धरावयाचा दिवा फ्रान्समध्यें फूशे व पिकार यांनीं १९०३ सालीं बनविला. वीज नसलेल्या तालुक्यालाही कार्बाइडचा डबा आणि प्राणवायूचें नळकांडें नेतां येई. विजेच्या ठिणगीनें सांधणें तेथें मागाहून आलें.

यांत जोखीम नव्हती असें नाहीं. ५० सेंटिमीटरांची पोलादी नळी ५०० अंशांनीं तापली तर सुमारें ३ मिलिमीटर लांबते. दोन्हीं टोकें घट्ट जखडलेलीं असलीं तर ती सांध्यापाशीं फाटते. म्हणून शहाणा मिस्त्री शेवटचा आधार लवचीक ठेवी. फाटलेल्या सांध्यांतून धूर बसणाऱ्यांच्या पायांशीं येतो. त्यांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीं. डिझेलच्या धुरांत तो पेट्रोलपेक्षां कमी असतो, एवढेंच दैव. तापलेल्या नळीला चिकटलेली ब्रेकची नळी हा दुसरा धोका. दहा-बारा माणसें भरलेल्या काळ्या-पिवळ्या जीपचा जीव अशा दोन बोटांच्या अंतरावर अवलंबून असे, आणि तें अंतर ठरविणाऱ्या माणसाचें नांव कोणत्याही कागदावर नसे.

पुढें भावांतील फरक आटला. पेट्रोलचा दर २०१० सालीं आणि डिझेलचा २०१४ सालीं सरकारी नियंत्रणांतून मोकळा झाला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडींतील फेरफारांना आळा घातलाच होता. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, निर्मात्याच्या मूळ नमुन्याशीं विसंगत फेरफार चालणार नाहींत, असें स्पष्ट केलें. एप्रिल २०२० पासूनच्या नव्या गाड्यांत तर धूर शुद्ध करणारें पात्र आणि त्याचे तपासनीस संवेदक धुराच्या वाटेवरच बसलेले असतात. तेथें तारेचा नकाशा चालत नाहीं. हें योग्यच झालें, असें शहरच्या हवेंत श्वास घेणारा कोणीही म्हणेल. तरी पन्नास वर्षें ज्या हातांनीं जुन्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्यांचा उल्लेख वाहनउद्योगाच्या इतिहासांत सहसा आढळत नाहीं, ही उणीव खरी आहे.

आज जुन्या जीपांचे शौकीन मूळच्या नमुन्याची गाडी जतन करतात, आणि शर्यतीच्या मैदानांवर हेडर तयार होतात ते स्टेनलेस पोलादाचे, आर्गन वायूच्या आवरणांत सांधलेले. ही रीत अमेरिकेंत नॉर्थ्रॉप विमान कारखान्यांत १९४१ च्या सुमारास मेरेडिथनें मॅग्नेशियमसाठीं काढली. तीत नळीच्या बाहेरून आर्गन सोडून भागत नाहीं; आंतूनही भरावा लागतो, नाहींतर सांध्याची आंतली बाजू जळून साखरेच्या दाण्यांसारखी खरबरीत होते आणि धूर तेथेंच अडखळतो.